उपाशी जमिनीचा मालक

चामोर्शीला बदली होऊन गेले, त्या पहिल्याच सकाळी मी एका म्हाताऱ्याला शेणाची पाटी घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहिलेलं पाहिलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट आणि हातात ती पाटी. मला वाटलं, शेण विकणारा आहे. पण तो विकत नव्हता, परत करत होता.

"तुमची गाय काल माह्या जागेत चराले आली होती," तो घरातल्या बाईला सांगत होता. "तिचं हे तिथी राह्यलं. घ्या."

बाईनं हसू दाबत पाटी रिकामी करून घेतली. म्हाताऱ्यानं ती उलटी धरून तिच्याच उंबऱ्याजवळ चांगली आपटली, तळाला चिकटलेलं पडल्याची खात्री केली आणि नमस्कार करून निघून गेला. संध्याकाळी शाळेतल्या शिपायानं भाड्याच्या खोल्या दाखवायला नेलं, तर घरमालक म्हणून दारात हाच इस्त्रीचा शर्ट उभा. इथे आपला निभाव लागणं कठीण आहे, असं मी मनात म्हटलं. पुढे मी त्या घरात कितीतरी वर्षं राहिले आणि तिथून बदली झाली तेव्हा रडत निघाले.

गाव त्यांना 'मातीवाले साहेब' म्हणे. मी काकाजी म्हणायची. आमच्या विदर्भात घरमालकाला दुसरं काय म्हणणार? नोकरीभर ते चंद्रपूरला सरकारी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होते. शेतकरी पिशवीत शेतातली माती घेऊन यायचे, हे ती तपासायचे आणि जमिनीत कशाची कमी आहे, कोणतं खत किती घालायचं ते सांगायचे. निवृत्त होऊन गावी आले तरी तपासायची खोड गेली नव्हती. आता माती येत नव्हती, म्हणून माणसं तपासायचे. आमच्या मुख्याध्यापकांना पहिल्यांदा भेटले आणि घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "नत्र भल्ला जास्त झाला त्याच्यात. नुसती पानंच पानं. फळ धरणार नाई." मुख्याध्यापकांची भाषणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना यावर आणखी काही सांगायला नको. माझ्याबद्दलचा निकाल तर माझ्या तोंडावरच दिला. "मॅडम, तुमच्यात स्फुरद कमी आहे. मुळं धरून नाई राह्यल्या तुमी. सुट्टी लागली का पळता वर्ध्याले." खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

माणूस गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकते. कुणाचं कौतुक नाही, कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द नाही. शेजारच्या पोरीला दहावीत चांगले मार्क पडले, ती पेढे घेऊन आली, तर म्हणाले, "गणितात कमी काऊन पडले?" पोरगी पेढ्यांचा डबा तसाच घेऊन परत गेली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मागोमाग जाऊन तिला ओढून आणलं आणि गरम लाखोळीचे वडे खायला घातले. हे त्या घरात नेहमीचं. ते एकाला दुखवून पाठवायचे आणि काकू त्याला मागच्या दारानं आणून जेवू घालायच्या.

त्यांची जागा म्हणजे गावाबाहेर, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथला दीड एकराचा उंचवटा. लाल मुरूम, वर बोटभर माती. वडिलोपार्जित होती, पण तिच्यात कधी कुणी काही पेरलं नव्हतं. पेरून येणारही नव्हतं. आमच्याकडे अशा जमिनीला बरड म्हणतात आणि पोरगी देताना विचारतात, शेती बरड तर नाही ना? काकाजींनी ती बरड जमीन पोटच्या लेकरासारखी सांभाळली, फक्त उलट्या रीतीनं. लेकराला आपण खाऊ घालतो. हे जमिनीला काही मिळू द्यायचे नाहीत.

जागेवर जाताना वाटेत चपला दगडावर झटकाव्या लागत, कारण धानाच्या बांधीतला चिखल आत जायला नको. आत कुणी खर्रा थुंकायचा नाही, डबा खायचा नाही. मी एकदा संत्र्याची साल टाकली तर ती मला उचलून पदरात बांधायला लावली. पूर्वी लोक सकाळी पाण्याचं टमरेल घेऊन त्याच उंचवट्यावर बसायला जायचे, तेव्हा म्हणे हे पहाटेपासून काठी घेऊन कडेला उभे असत आणि एकेकाला हात जोडून सांगत, "भाऊ, तुमचं दान दुसरीकडे द्या. इथी चालत नाई." दिवाळीनंतर बी झडलं की मजूर बायका लावून सगळं गवत कापायचे आणि काडी न काडी उचलून बाहेर न्यायचे. गवत ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, फक्त त्या जागेत ते कुजायला नको.

मी शाळेत भूगोल शिकवते. मृदेचे प्रकार फळ्यावर लिहून लिहून बोटं झिजली, पण कसदार जमीन चांगली आणि नापीक वाईट, यापलीकडे मला माती कधी कळली नव्हती. एका भाद्रपदात काकाजी मला जागेवर घेऊन गेले आणि म्हणाले, "खाली बसा मॅडम. उभं राहून इथी काही दिसत नाई."

बसले. सुरुवातीला नुसतं खुरटं गवत दिसलं. मग डोळा सरावला. वीतभर जागेत किती जणांचा संसार होता! निळी विष्णुकांता, जांभळ्या थेंबांसारखी सीतेची आसवं, मुसळीचे पांढरे तुरे, कुसळी गवत, आणि नाव न कळणारी, टाचणीच्या डोक्याएवढ्या फुलांची कितीतरी. मधेमधे लाल चिकट केसांचं एक इवलंसं झाड, त्याच्यावर एक चिलट अडकून तडफडत होतं. दवबिंदू. किडे खाणारी वनस्पती मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती.

"जमिनीत नत्र नाई ना, म्हणून बिचारं किडे मारून पोट भरते," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मी तेव्हा पहिल्यांदा माया ऐकली. "वासुदेवभाऊच्या बांधीत एवढं खत आहे. आहे का तिथी यातलं एक तरी?"

वासुदेवभाऊ हे शेजारच्या बांधीचे मालक. मी विचारलं, "खतानं ही मरतात का?"

"खत कोणाले मारत नाई. खत एकाले मोठं करते. मोठा झाला का त्याची सावली बाकीच्यायले मारते." त्यांनी आजूबाजूला हात फिरवला. "इथी सगळेच भुके. कोणाची उंची वाढत नाई, म्हणून सगळ्यायले ऊन भेटते. पोट भरलेल्या जमिनीत दोघं-तिघंच राहतात मॅडम. उपाशी जमिनीत गर्दी राहते."

खताचे दुश्मन होते असं मात्र कुणी समजू नये. शेताला खत पाहिजेच, असं ते ठणकावून सांगत. वासुदेवभाऊंचं धान एका वर्षी पिवळं पडलं तेव्हा यांनीच माती पाहून काय घालायचं ते सांगितलं आणि पीक सावरलं. तेव्हापासून वासुदेवभाऊ त्यांना देव मानत. "सगळी जमीन शेत नाई," एवढंच काकाजींचं म्हणणं. पण एवढंच गावाला कळत नव्हतं.

एकदा तलावाचा गाळ वाहणारा ट्रॅक्टरवाला चुकून त्यांच्या जागेच्या कोपऱ्यात ट्रॉली रिकामी करून गेला. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा काळा गाळ काढून शेतात पसरायची आमच्याकडे रीत आहे. धानाला तो फार मानवतो. ट्रॅक्टरवाल्याच्या दृष्टीनं त्यानं एक ट्रॉली सोनं फुकट दिलं होतं. काकाजींनी त्याच दुपारी बायका बोलावून फावड्यानं आणि मग खराट्यानं तो कोपरा मुरूम दिसेस्तोवर खरवडून घेतला. मी पाहायला गेले होते. घाम पुसत म्हणाले, "पाणी पडाच्या आधी काढलं तर निघते. एकदा पाणी पडलं का ते जमिनीचं झालं. मग नत्र एखाद्या वेळी वाहून जाईन, पण स्फुरद आपल्या नातवापर्यंत राहते." नातू म्हणताना ते थोडे अडखळले. त्यांना मूलबाळ नव्हतं.

वासुदेवभाऊंचा म्हातारा बैल मेला ती गोष्ट तर गावात अजून सांगतात. बैल बांधावरच पडला. बाकी सगळीकडे रोवणीचं पाणी, कोरडी जागा फक्त यांची. चार जण यांच्या जागेत खड्डा खणायला लागले. काकाजी धावत आले आणि खड्ड्यात उतरून उभे राहिले. वासुदेवभाऊ रडत होते, हेही रडत होते, पण खड्ड्यातून बाहेर येईनात. "भाऊ, इथी नाई. तो इथी सडन अन् साऱ्या जागेत तरोट्याचं तणच तण उभं होईन." मेलेल्या मुक्या जिवाला जागा देत नाही म्हणून लोक काय काय बोलले! मग ह्यांनीच बैलगाडी आणवली, बैल आपल्या घरी आणला आणि परसात, काकूंच्या दोडक्याच्या मांडवाशेजारी स्वतः उभं राहून पुरला. त्यानंतर त्यांना कुणी निर्दय म्हणेना. वेडा म्हणू लागले. त्या वर्षी दोडके मात्र असे लागले की आम्ही गावभर वाटले.

काकूंबद्दल मी अजून नीट बोललेच नाही, आणि खरं तर हे सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. त्यांचं लहानपण फार हालाखीत गेलं होतं. उपाशी निजणं म्हणजे काय, हे त्या शरीरानं जाणून होत्या. त्यामुळे दारात आलेला भिकारी असो की गॅसचा सिलेंडर आणणारा पोरगा, खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. आणि नवरा भेटला तो उठता-बसता 'उपाशी ठेवली पायजे' म्हणणारा. एवढ्या वर्षांत त्या एकदाही त्या जागेवर गेल्या नव्हत्या. मी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "नको वो पोरी. मले ते उपाशी पाहवत नाई."

गावातल्या बायका काय कुजबुजायच्या ते मलाही ठाऊक होतं. ज्यानं जमिनीची कूस उपाशी ठेवली, त्याच्या बायकोची कूस कशी भरेल? हळदीकुंकवाला, पाणवठ्यावर, कधी अगदी काकूंना ऐकू जाईल इतक्या आवाजात. मला संताप यायचा. काकू ऐकून घ्यायच्या आणि घरी येऊन तांदूळ निवडत बसायच्या. त्यांना ते पटत होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. नवऱ्याला मात्र त्या एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत.

मग एका चैत्रात काकाजींना लकवा मारला. सकाळी बूट घालायला बसले आणि तसेच कलंडले. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. पहिले काही दिवस डॉक्टरांनी आशा ठेवू नका असंच सांगितलं होतं. मी एक-दोनदा बसनं जाऊन पाहून आले. काकू कॉटजवळ बसून असायच्या आणि जेवण समोर आलं की उचलून बाजूच्या पेशंटच्या माणसाला देऊन टाकायच्या. आयुष्यभर सगळ्यांना खाऊ घालणारी ती बाई तेव्हा स्वतः खाईना. पुढे शाळेला सुट्टी लागली आणि मी वर्ध्याला गेले.

शाळा उघडायच्या वेळी परत आले तेव्हा दोन बातम्या होत्या. काकाजी वाचले होते, काठी टेकत चालत होते, आणि दुसऱ्या दिवशी घरी येणार होते. दुसरी बातमी वासुदेवभाऊंनी मोठ्या अभिमानानं दिली. "साहेबाच्या जागेत गाळ टाकला मॅडम! पूरी जमीन झाकली. बाईनं मातामायले बोललं होतं."

मी त्यांना बसवून सगळं विचारून घेतलं. काकू दवाखान्यातून एक दिवस गावी येऊन गेल्या होत्या. गावाच्या मातामायपुढे पदर पसरून त्यांनी नवस केला, की हे उठून बसले तर मी यांच्या जमिनीला पोटभर जेवू घालीन. आणि ते उठून बसले. मग काकूंनी नवस फेडला, तोही हातचं राखून नाही. वासुदेवभाऊंनी देवाचं ऋण फेडायच्या भावनेनं ट्रॅक्टर लावला. गावातल्या लोकांनी, ज्यांच्या दारात काकाजींनी शेण परत नेऊन दिलं होतं त्यांनीसुद्धा, आपापल्या उकिरड्यातलं शेणखत आणून टाकलं. वर युरिया आणि डीएपीची पोती फोडली. एका भांडखोर, आजारी म्हाताऱ्यासाठी अख्खं गाव राबलं होतं. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

मी त्याच संध्याकाळी जागेवर गेले. लाल मुरूम कुठेच दिसत नव्हता. काळा भुसभुशीत गाळ चारी बाजूंनी अंथरलेला. पण पाऊस अजून झाला नव्हता. गाळ कोरडा होता, पायानं सारला तर खाली मुरूम लागत होता. माझ्या जिवात जीव आला. दहा-वीस बायका लावल्या तर निघेल, काकाजी येऊ देत, बोलता आलं नाही तरी खुणेनं सांगतील, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी ते आले. घरात पाऊल टाकायच्या आधी काकूंनी ऑटो सरळ जागेकडे न्यायला लावला. मलाही सोबत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या तिथे पाऊल ठेवत होत्या. वाटेतल्या दगडाशी काकाजी सवयीनं थांबले आणि एक पाय झटकू लागले, तर काकू हसून म्हणाल्या, "आता पाय झटका नाई लागत. चला." हाताला धरून त्यांनी नवऱ्याला कडेला नेऊन उभं केलं.

"पाहा," त्या म्हणाल्या. लहान मुलीसारखा आवाज झाला होता त्यांचा. "सगळ्या जमिनीले जेवू घातलं. एक कोपरा उपाशी नाई ठेवला. मी मातामायले बोलली होती, तुमी उठले तर देईन म्हणून. अन् तुमी उठले! डाक्टर नाई म्हणे, तरी उठले!"

काकाजी पाहत होते. चेहऱ्याची डावी बाजू मेलेली होती, त्यामुळे काय चाललंय ते अर्ध्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तो अर्धा चेहराही हळूहळू दगडासारखा झाला. वाकून त्यांनी काठीच्या टोकानं गाळ थोडा उकरला. खालचा लाल मुरूम दिसला. त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं.

मी पुढे झाले. "काकाजी, अजून पाणी पडलेलं नाही. उद्याच बायका..."

त्यांनी चांगला हात वर करून मला थांबवलं. मग बायकोकडे पाहिलं. बराच वेळ ओठांची खटपट चालली होती. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच बोलत होते.

"छान," ते म्हणाले. "छान... केलं."

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि आनंदानं रडू लागल्या. मला तिथे उभं राहवेना. मी ऑटोत जाऊन बसले.

पाऊस त्या आठवड्याच्या शेवटी आला. श्रावणात ती जागा पाहायला लोक मुद्दाम जाऊ लागले. कमरेएवढा तरोटा, त्याच्या अंगाला अंग लावून गाजरगवत, एवढं दाट की कुत्रं शिरायचं नाही. 'बरड होती, पाहा कशी मातली,' असं जो तो म्हणे आणि काकूंकडे कौतुकानं पाही. काकाजी सकाळी काठी टेकत जायचे आणि कडेला खुर्ची टाकून बसायचे. भाद्रपदात मी पाहिलं, ते काठीनं तरोट्याची खोडं बाजूला करून खाली काहीतरी शोधत होते. खाली ओलसर काळोख होता आणि सडलेली पानं. मी शेजारी बसून मिनिटभर शोधलं, पण मला रडू यायला लागलं म्हणून उठले.

"त्या दिवशी नाही म्हणाला असतात तर निघालं असतं," मी म्हणाले. त्यांच्यावर मी इतकी चिडले होते की आजारी माणसाशी कसं बोलावं याचं भान मला राहिलं नाही. "काकूंना मी समजावलं असतं. काऊन गप्प राहिलात?"

त्यांना उत्तर द्यायला फार वेळ लागला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मी उठलो... ते तिनं उठवलं... असं वाटते तिले. आजपर्यंत... तिच्या पदरात... दुसरं काय पडलं? ते... खरवडू कसा?"

मी त्यांना धरून घरी आणलं. त्यानंतर आमच्यात त्या जागेचं नाव निघालं नाही. पुढच्या पावसाळ्यातही तिथे तरोटाच होता, फक्त आणखी उंच. त्याच वर्षी माझी बदली झाली. मी निघाले तेव्हा काकाजी दारात उभे होते. एरवी स्फुरदावरून टोमणा मारला असता. आता नुसता हात हलवला.

त्या हिवाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. जायला जमलं ते एकदम पुढच्या भाद्रपदात. काकू ओट्यावर बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. मला जेवू घातलं, स्वतः बसून वाढलं, आणि मग म्हणाल्या, "चल, जागेवर जाऊन येऊ."

गेलो. तरोटा तसाच उभा होता, शेंगा धरलेला. काकू कडेला थांबल्या. वारा नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, "इथी बारीक बारीक फुलं राहत होती ना वो? निळी, जांभळी. मारली मी."

त्यांना हे कुणी सांगितलं, मला कळेना. "काकू, काकाजींनी तर..."

"त्यायनं छान म्हटलं. तू होती ना तिथी." त्या तरोट्याकडेच बघत होत्या. "लग्न होऊन आली तवापासून त्या माणसानं माह्या हातच्या एका गोष्टीले छान नाई म्हटलं. वरण कितीबी चांगलं होऊ दे, 'मीठ बरोबर आहे' म्हणे, बस. तेच कौतुक. अन् त्या दिवशी एकदम छान म्हटलं. तवाच मी समजली का माह्या हातून काहीतरी भल्लं वाईट झालं. घरी येऊन रात्रभर पडून राह्यली, झोप नाई लागली."

"त्याच दिवशी?" मी विचारलं. "पण काकू, तेव्हा पाणी पडायला अवकाश होता. तुम्ही एक शब्द बोलला असता तर सगळं निघालं असतं. जागा वाचली असती."

"मालूम आहे. तू ऑटोत जाऊन बसाच्या आधी बोलली होती, ते ऐकलं मी."

"मग?"

काकूंनी वाकून एक तरोटा मुळाजवळ धरला आणि उपटायचा प्रयत्न केला. तो निघेना. त्यांनी सोडून दिला आणि हात पदराला पुसले.

"जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला तो माणूस," त्या म्हणाल्या. "अन् ते मले बरं वाटावं म्हणून बोलला. बरं नाई वाटलं, असं त्याले सांगू कशी?"